मागची शिट्टी

सुधाकर सर सायकलवर कधीच पुढे जात नसत. सकाळी बुलढाण्यातून निघालो की मी पुढे, ते मागे. गळ्यात लाल टॉवेल आणि शाळेत खेळाचे सर असतानाची पितळी शिट्टी. पहिल्याच दिवशी त्यांनी नियम सांगितला, "मांगं मी आहो. तू समोर पाह्य." वळून बघायचं नाही. काही बिघडलं तर ते शिट्टी वाजवणार. वाजली नाही म्हणजे सगळं ठीक.

मी तहसीलमध्ये लिपिक. आमच्या घरातली पहिली पदवीधर. हे मी कुणी न विचारताही सांगते. बाबा धाडला गवंडीकाम करतात. आमच्याकडे सायकल म्हणजे बाबांची, थापी-ओळंबा लटकवून कामावर जाणारी. हौसेखातर कुणी सायकल चालवतं हे त्यांना पटायचं नाही. मला मात्र एकदा बुलढाण्याहून डोणगावला, ताईच्या सासरी, सायकलनं जायचं होतं. एसटीच्या खिडकीतून पाहिलेला तो सगळा रस्ता एकदा माझ्या पायांनी संपवायचा होता.

सरांनी सरावाला राजूर घाट दिला. खाली मोताळ्याला उतरायचं आणि तोच घाट चढून परत यायचं. पहिल्या खेपेला मी अर्ध्यात सायकल आडवी टाकली आणि रडले.

"काऊन वं, काय झालं?"

"सर, होत नाही माझ्यानं."

"मंग बस. फुटाणे खाय. घाट काही पयून नाही जाऊन राह्यला."

खिशात फुटाणे कायम असत. प्रत्येक चढाला ते मागून ओरडायचे, "हा शेवटचा!" वळणापलीकडे दुसरा चढ उभाच असायचा. मी चिडले की म्हणायचे, "तो शेवटचाच होता. हा नवीन हाये." मला हसू यायचं आणि हसता हसता चढ संपायचा. ऑफिसात कुणी म्हणालं, एवढ्या लांब बसनं जा ना, तर मी सरांचं नाव सांगायची. मागे सर आहेत, एवढं मला पुरत होतं.

बाबांची परवानगी मागायला ते स्वतः धाडला आले. बाबांनी चहा दिला आणि सरळ विचारलं, "रस्त्यानं ट्रका चालतात, सर. पोरगी एकटी तर नाही राहणार?" सरांनी गळ्यातली शिट्टी काढून बाबांच्या तळहातावर ठेवली. "हे तिच्या मांगं राहीन. बस?" बाबांनी शिट्टी उलटसुलट करून पाहिली, परत दिली. "मंग जाऊ द्या."

डोणगावला निघालो त्या दिवशी चिखलीला आम्ही चहा घेतला आणि पुढे लागलो. पुढे वारा तोंडावर आला. मेहकरच्या अलीकडे एका ट्रकनं मला पार साइडपट्टीच्या खाली उतरवलं. शिट्टी वाजली नाही. म्हणजे ठीक, असं म्हणून मी परत रस्त्यावर चढले. समोर बघतच मी सरांशी बोलत होते. ताईनं पुरणपोळी केली असेल, तुम्हाला तूप जास्त वाढायला सांगते, असलं काहीबाही. उत्तर येत नव्हतं. वाऱ्यात ऐकू जात नसेल, असं वाटलं.

मेहकर ओलांडल्यावर चाक बसलं. उतरले आणि पहिल्यांदा वळून पाहिलं. रस्ता रिकामा. सर कुठं पडले तर नाहीत? फोन लावला, उचलला नाही. सायकल ढकलत पंक्चरच्या टपरीवर नेली. ट्यूब जोडून झाली की मागे त्यांना शोधायला जायचं ठरवलं. तेवढ्यात टपरीसमोरून एक काळीपिवळी जीप डोणगावकडे गेली. टपावर सरांची सायकल, हँडलला लाल टॉवेल बांधलेला. आत ड्रायव्हरशेजारी सर. ते समोर बघत होते.

डोणगावच्या फाट्यावर ते सायकल धरून उभे होते, बाटलीतलं पाणी डोक्यावर ओतून घेत.

"गुडघा धरला वं चिखलीच्या पुढं. जीप लय वेळानं भेटली. शिट्टी वाजवली असती तर तू थांबली असती."

"थांबले असते."

"म्हणूनच. चाल, आता संगं जाऊ. बाबाले काही बोलू नको."

ताईच्या अंगणात एसटीनं आधीच येऊन पोचलेले बाबा दुपट्टा-टोपी घेऊन उभे होते. मला बाजूला सारून त्यांनी आधी सरांना टोपी घातली, पाया पडायला वाकले. सरांनी त्यांना उठवलं आणि म्हणाले, "एक मिनिट नजर हटू देली नाही पोरीवरून."

जीप मी एक वेळ गिळली असती. हे नाही गिळता आलं.

"बाबा, सर चिखलीपुढून जीपमध्ये होते."

सर हसले. "पण पोचली ना? पाय तर तिचेच होते."

"तिचे पाय मले ठाऊक होते, सर," बाबा म्हणाले. "मी तुमची शिट्टी मांगितली होती."

सरांनी स्वतःच टोपी काढून बाजेवर ठेवली. जेवताना ताई तूप वाढायला आली, तर त्यांनी पोळीवर हात आडवा धरला.

सायकल मी सोडली नाही. ती सरांची नव्हती. हँडलला मोटारसायकलचा आरसा बसवून घेतला. ऑफिसातले हसतात. काही महिन्यांनी राजूर घाटात सर भेटले. गुडघ्याला पट्टा होता, गळ्यात शिट्टी होती.

"आरसा काऊन लावला वं?"

"मागं कोण नाही, ते दिसावं म्हणून."

त्यांनी फुटाण्यांची मूठ पुढे केली. मी घेतली नाही. पेडल मारलं, चढाला लागले. आरशात ते मूठ तशीच धरून उभे होते, वळण येईपर्यंत.