मावशीच्या जबड्यातलं हाड

"तोंडात खिळे आहेत, मला बोलायला लावू नका." माझी मावशी जन्मभर हेच म्हणत आली, तेही मिटल्या ओठांनी, आणि तरी साऱ्या गल्लीला ते कळत आलं.

जुन्या खुर्च्यांना नवं कापड चढवायचं तिचं काम. चिमूटभर बारीक खिळे तोंडात टाकायचे, जिभेनं एकेक ओठांवर आणायचा, हातोडीच्या चुंबकी टोकानं उचलायचा आणि ठोकायचा. असं कसब मी दुसरीकडे पाहिलं नाही, आणि हे मी अभिमानानं सांगतो.

मग तिची एक दाढ काढली, आणि जखम भरेचना. महिन्यामागून महिने गेले. खळग्यात जिभेला काहीतरी टणक, खरखरीत लागायचं. मावशीनं ठरवूनच टाकलं, खिळ्याचं टोक रुतलंय. तिनं हातोडीचा चुंबक गालाला लावला.

"ओढतोय का हो?"

"छे," तिचे यजमान, म्हणजे आमचे काका, म्हणाले.

"मग पितळी असेल."

"पितळी खिळे आपण कधी आणले गं?"

दोघं गोंधळले, तेव्हा मी त्यांना दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी आरसा घालून पाहिलं, फोटो काढला.

"मावशी, हा खिळा नाही. तुमचंच हाड आहे, उघडं पडलेलं. तोंडाला, मानेला कधी किरणांचे उपचार झालेत?"

"नाही."

"तंबाखू?"

"खिळ्यांनाच जागा पुरत नाही, तंबाखू कुठे ठेवू?"

"हाडांसाठी काही औषध?"

मावशी नाही म्हणणार, तोच काका म्हणाले, "इंजेक्शन घेते की. मणका पिचला होता, तेव्हापासून दर सहा महिन्यांनी."

"दाढ काढताना हे सांगितलंत?"

"दातांच्या माणसाला पाठीचं कशाला सांगायचं?" मावशी म्हणाली.

बाईंनी सावकाश समजावलं. हाड सतत झिजतं आणि नव्यानं भरतं. हे औषध ती झीज थांबवतं, म्हणून मणके तगतात. पण दाढ काढल्यावर जबड्याला तीच उलाढाल हवी असते. ती मंदावली की एखाद्याच्या जबड्याचा तुकडा मरतो. हे क्वचितच होतं. दोन महिन्यांहून जास्त हाड उघडं राहिलंय, म्हणून हाच संशय. तरी खात्रीसाठी स्कॅन करायचा.

"म्हणजे हाडं जगवायच्या औषधानं हाड मेलं?"

"तसंच काहीसं."

"पुढच्या आठवड्यात इंजेक्शन आहे. घेऊ की नको?"

"मनानं थांबवू नका. एकदम बंद केलं तर मणके पुन्हा पिचू शकतात. घ्यायचं की लांबवायचं, ते पाठीच्या डॉक्टरांशी बोलूनच ठरवू."

"म्हणजे पाठ राखायची की जबडा?" काकांनी विचारलं. बाईंनी हातमोजे काढले, पुन्हा फोटोकडे पाहिलं. "दोन्ही राखायचा प्रयत्न करू," त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात खात्री नव्हती.

पायरीवर आल्यावर मावशी थबकली. "मी आत्ताच पाठीच्या डॉक्टरकडे जाते."

"मी येतो," काका म्हणाले.

"नको. तुम्ही आलात की दोन मतांची तीन होतील."

ती निघाली. पाठ अगदी ताठ, आणि तळवा दुखऱ्या गालावर. कोपऱ्यावर ती थांबली, मागं वळतेय असं वाटलं, मग पुढं गेली. आम्ही दोघं पायरीवरून आणि बाई खिडकीतून बघत राहिलो.