गोखिवऱ्याला गाडी धुणारे गृहस्थ

मुलांनो, मी गोखिवऱ्याच्या एका कार वॉशचा हिशेब तपासते, हे तुमच्या बाबाने सांगितलं असेल. तिथे गाडी ज्याची त्याने धुवायची. यंत्राला कार्ड लावलं की नळीतून जोराचं पाणी येतं, आणि पैसे भरले तेवढा वेळ संपला की थांबतं. दर सोमवारी यंत्रावरचे व्यवहार आणि बँकेत जमा झालेली रक्कम मी ताडून बघते. मालक माझ्या बँकेतल्या मैत्रिणीचा मुलगा. कागद फोनवर पाठवतो म्हणाला होता. मी नको म्हटलं. रिक्षाने जाते. तेवढंच चार माणसांत बसणं होतं.

गेल्या हिवाळ्यात एका क्रेडिट कार्डाच्या पैशांवर तक्रार आली. हा खर्च मी केलेला नाही, असं कार्डाच्या मालकाने बँकेला कळवलं होतं. अशा वेळी बँक रक्कम अडवते आणि दुकानदाराकडे पुरावा मागते. आम्ही कॅमेऱ्यात पाहिलं. टोपी घातलेले एक वयस्क गृहस्थ सावकाश गाडी धूत होते. गाडी आधीच स्वच्छ दिसत होती. मालक म्हणाला, "मावशी, फोटो पाठवा आणि मोकळ्या व्हा." मी म्हटलं, आधी त्यांना विचारू दे.

ते दुपारी यायचे, म्हणून मी मुद्दाम त्या वेळेला जाऊन बसले. दोन दिवसांनी आले. मी तक्रारीचं सांगितल्यावर त्यांनी नळी खाली ठेवली. कार्ड मुलाचं होतं, दवाखान्याची वेळ आली तर असावं म्हणून घरी ठेवलेलं. मुलगा पुण्याला. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरही एका डोळ्याला नीट दिसत नव्हतं, म्हणून त्याने गाडी चालवायला बंदी केली होती. गाडी इमारतीखाली उभी आहे, अशीच त्याची समजूत होती.

मी विचारलं, मग धुवायला कशाला आणता? वटार गावात त्यांची केळीची वाडी होती, तिला ते नळीने पाणी घालायचे; ती विकली. फ्लॅटमध्ये झाडाला घालायचं तर मगभर पाणी. "इथं हातात पानी धरता येतं, बाई," ते म्हणाले. मग हळूच म्हणाले, "पोराला नका कळवू. चावी काढून घेल."

मला त्यांचं म्हणणं पुरतं कळलं. शेजारी उभ्या मालकालाही कळलं. पैसे सोडून देतो, पुरावा पाठवूच नका, असं तो मला बाजूला घेऊन म्हणाला. मी हो म्हणणार होते. तेवढ्यात त्यांनी गाडी मागे घेतली. मी त्यांच्या डाव्या हाताला, उन्हात उभी होते. त्यांना दिसलेच नाही. मालकाने माझा दंड धरून ओढलं, गाडी माझ्या पदराला घासून गेली, आणि आपल्या हातून काही झालंय हे त्यांच्या गावीही नव्हतं.

मी काच ठोठावली. काय झालं ते सांगितलं. त्यांनी गाडी बंद केली. मी म्हटलं, "फोटो मी सोमवारी पाठवणार. त्याआधी मुलाला तुम्हीच सांगा." त्यांनी मान हलवली. मालकाने त्यांची गाडी घरापर्यंत चालवत नेली.

सोमवारी फोटो पाठवायची वेळ आलीच नाही. मुलाने तक्रार मागे घेतली होती. ते गृहस्थ पुन्हा आले नाहीत. येतील कसे? रिक्षाने येऊन नुसतं पाणी मागायला त्यांना संकोच वाटत असेल. मी तसं सुचवायला हवं होतं, पण त्या दिवशी सुचलं नाही, आणि नंतर त्यांच्या घरी जाऊन सांगणं मला बरं वाटलं नाही.

परवा तुमचा बाबा फोनवर म्हणाला, आई, आता पुरे झालं ते जाणं, कागद घरी मागव. त्याचं चुकत नाही. रिक्षात चढताना माझा गुडघा हल्ली साथ देत नाही, ते त्याच्या कानावर गेलंय. मी म्हटलं, बघू. त्यावर तो तुमच्या शाळेविषयी बोलू लागला.