उजेड यावा, नजर नको

बोईसरला काचा बसवणारा मारुती चिंचणीचा. तीस वर्षं काच कापून त्याच्या बोटांवर बारीक चरे पडले होते. समोर येईल ती वस्तू उजेडाकडे धरून बघायची त्याला खोड. बायकोने नवी साडी दाखवली तरी तो आधी खिडकीकडे धरायचा.

एकदा डोंगराकडच्या आरोग्यकेंद्रातल्या नर्सबाई चारुता दुकानात आल्या. "मारुतीदादा, बाळंतपणाच्या खोलीला रस्त्याकडे खिडक्या आहेत. आतलं सगळं दिसतं म्हणून बाया येत नाहीत. पुठ्ठे लावले, तर भर दुपारी अंधार. त्यात लाइट जाते. मला उजेड हवाय, नजर नको."

"पुठ्ठा दोन्ही अडवतो," मारुती म्हणाला. "काच खरखरीत करू. उजेड आत येईल, पण विस्कटून. मग पलीकडचं काही ओळखू येत नाय."

त्याने काचा उतरवल्या, कुरुंदाच्या कठीण दगडाची पूड पाण्यात कालवून एक बाजू दोन दिवस घासली आणि पुन्हा बसवल्या. खोलीत दुधासारखा उजेड पसरला. चारुताताई खूश झाल्या.

तेवढ्यात गावातली बायडी आजी आली. तिची सून स्नेहा दिवसांत होती आणि सासूचा कशावर चटकन विश्वास बसत नसे. बाहेरून काचेला धूळ दिसली म्हणून तिने तांब्याभर पाणी मारलं आणि ओरडली, "अरे भाऊ, आतली खाट दिसते हाय!"

मारुती धावत बाहेर आला. खरंच, ओल्या काचेतून खाट, कपाट, भिंतीवरचं घड्याळसुद्धा दिसत होतं. त्याचा चेहरा उतरला. खरखरीत बाजू त्याने बाहेर ठेवली होती. बारीक खड्ड्यांत पाणी भरलं की काच पुन्हा गुळगुळीत असल्यासारखी होते आणि उजेड सरळ आरपार जातो. पावसाळ्यात तर सगळं उघडं पडलं असतं.

"आजी, चूक माझी हाय," तो म्हणाला. "तुमी पाणी मारलं म्हणून कळलं."

जेवायलाही न थांबता त्याने सगळ्या काचा काढून उलट्या बसवल्या. बायडीने परत तांब्या भरला. एक, दोन, तीन. डोळ्यांवर हात धरून काचेला नाक लावलं. मग मान हलवली, "आता नाय दिसत. आणते सुनेला."

श्रावणात दुकानातला फोन वाजला. पलीकडे चारुताताई. "दादा, स्नेहाला मुलगी झाली. सकाळी साडेदहाला. लाइट नव्हती, बाहेर धो धो पाऊस, पण मला सगळं नीट दिसत होतं."

"आणि आजी?" मारुतीने विचारलं.

"त्यांना अजून आत घेतलं नाही. बाहेर पावसात उभ्या आहेत, खिडकीपाशी. काही दिसत नाही म्हणून भांडतायत माझ्याशी!"

मारुती इतका हसला, की हातातला कटर त्याला खाली ठेवावा लागला.