मामांचा काढा आणि बेडकाचं हृदय

आईचे भाऊ, म्हणजे माझे मामा, बाभुळगावला वैद्यकी करायचे. अर्जुनाच्या सालीत आणखी काही मुळ्या घालून त्यांनी एक काढा तयार केला होता. छातीत कळ येऊन गेलेल्या माणसाला ते तो वाटीभर पाजत. साठ सालाच्या आसपास यवतमाळच्या एका डॉक्टरने त्यांना रोग्यांसमोर भोंदू म्हटलं. मामा तिथून तडक आमच्या घरी आले. मी तेव्हा कॉलेजात प्राणिशास्त्राची प्रात्यक्षिकं घ्यायचे.

"शिकली ना तू? मंग सिद्ध कर," बाटली माझ्यापुढे आदळत ते म्हणाले. "त्याच्या तोंडावर फेकतो."

"अन् उलटं निघालं तर?"

"उलटं निघतेच कसं?"

रविवारी प्रयोगशाळेत मामांसमोर मी बेडकाचं हृदय उघडं केलं आणि आकड्याने एका काडीला जोडलं. फिरत्या नळकांड्यावर काजळी धरलेला कागद होता, त्यावर काडी एकेका ठोक्याची रेघ काढू लागली. मग छातीत कळ आल्यावर होतं तसं हृदय दुबळं पडावं म्हणून त्याकडे रक्त आणणारी शीर दोऱ्याने आवळली. रेघा खुज्या झाल्या. दोरा सोडून मिठाचं पाणी घातलं, तशा त्या हळूहळू पूर्ववत झाल्या.

"हे तं आपोआपच सुधरलं," मामा कुरकुरले.

"म्हणूनच आधी काढ्याबिगर पाह्यलं."

दुसऱ्या बेडकाला दोरा सोडल्यावर काढा घातला. रेघा झपकन उंचावल्या. मामांनी टाळी वाजवली. "पाह्य! पाह्य!" पण लगेच ठोके अडखळले आणि हृदय मुठीसारखं आवळून थांबलं. तिसऱ्याचंही तेच झालं.

मामांनी तळव्याने सगळा कागद पुसून टाकला. "त्या डाक्टरनं पढवलं व्हय तुले? बेडकाचं अन् माणसाचं एक असते काय?"

"मंग टाळी काहून वाजवली?"

काळ्या हातानेच ते निघून गेले. मी बाटलीत विष कालवलं, असं त्यांनी नातेवाइकांत पसरवलं. आई माझ्याशी बोलेना. बोलली तेव्हा एवढंच, "माह्या भावाले खाली पाहाले लावलं तुनं."

"तुह्या भावाचा काढा लोक पिऊन राह्यले, आई."

तिने पाठ फिरवली.

पुढच्या उन्हाळ्यात दिग्रसला एका लग्नात बाभुळगावची एक बाई भेटली. तिचा नवरा मामांचा रोगी. "आता वाटी नाही देत ते," ती म्हणाली. "चमचाभरच घ्या म्हणते."

मामाही तिथेच पंगतीत बसले होते, मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. "मात्रा काहून कमी केली, मामा?"

"मी माणूस पाहून देतो. तू आपले बेडूक काप."

पान उचलून ते दुसऱ्या ओळीत जाऊन बसले. रोगी वाचले, याचा आनंद व्हायला हवा होता. मला मात्र राग आला. माझ्या प्रयोगात दिसलं ते त्यांनी गुपचूप मानलं होतं, आणि चारचौघांत मला खोटीच ठरवून ठेवलं होतं. पुढे काही वर्षांनी मामा वारले तेव्हा आई एकटीच बाभुळगावला गेली. मी गेले नाही.