अकोल्याला दिलेली संत्री

संत्र्याच्या सालीचा वास आला की अजूनही मला अकोल्याचं ते मैदान आठवतं आणि तोंड कडू होतं. सगळा हंगाम रडतखडत काढलेला आमचा अमरावतीचा फुटबॉल संघ तिथे शेवटचा सामना हरत होता. वरूडचे माझे मामा दर सामन्याला खेळाडूंसाठी बागेतली संत्री आणायचे. चौथा गोल बसला, तरी आमचा गोलकीपर खांबाला टेकून हसत होता.

“हरले त्याचं काई नाई, पन हा हसून काहून राह्यला?” मामा म्हणाले, आणि भरलेली थैली अकोल्याच्या खेळाडूंना देऊन आले.

तेव्हा मला मामांची लाज वाटली. आज वाटतं, लाज माझीच वाटायला हवी होती. मामा उठून गेले तेव्हाही मी आमच्या संघासाठी टाळ्या वाजवत बसलो होतो.