सड्यावरचं गाऱ्हाणं

इतिहासाच्या पुस्तकात आयर्लंडला जेमतेम दोन ओळी असत आणि मी त्यावर अख्खा तास घ्यायचो. हेडमास्तर कुरकुरायचे, कुरकुरोत बापडे. एकोणिसाव्या शतकातली तिथली कुळं, त्यांना घराबाहेर काढणारे जमीनदार आणि त्या वेळी बंदोबस्ताला उभे राहणारे शिपाई. हे शिपाईही शेतकऱ्यांचेच मुलगे. गावं त्यांच्याशी बोलत नसत, दुकानदार त्यांना माल देत नसत. मग मी विचारायचो, सरकार शिपायाला त्याच्या स्वतःच्या जिल्ह्यात का ठेवत नसे? एका वर्षी शेवटच्या बाकावरून माझाच मुलगा म्हणाला, "रोज जेवक घराक जायत म्हणान!" वर्ग खो खो हसला.

पुढे तो पोलिसात लागला आणि नेमणूक मिळाली ती आमच्याच तालुक्यात. जेवायला घरीच येई. आम्ही नवरा-बायको खूश होतो.

मग आमच्या सड्यावर, म्हणजे गावावरच्या कातळी पठारावर, खाणीसाठी मोजणी निघाली. काजूच्या बागा, गुरांचं रान, सगळं त्यात जात होतं. मोजणी अडवायची असं गावाने ठरवलं. त्या आठवड्यापासून मासेवाली आमच्या दारावरून हाक न मारता जाऊ लागली. बायको दारापुढच्या खळ्यात उभी राहून तिच्या पाठीकडे बघायची.

मोजणीच्या सकाळी गावाबरोबर मीही वाटेत बसलो. समोर पोलिसांची रांग, त्यात आमचा मुलगा. तो माझ्या डोक्यावरून पलीकडे बघत होता. मला सगळ्यांचाच राग आला: मोजणीवाल्यांचा, गावाचा, त्याच्या हेल्मेटचासुद्धा.

घाटावरून आलेल्या साहेबांनी वाट मोकळी करायला सांगितलं. तेवढ्यात देवळात गाऱ्हाणं घालणारे म्हातारे गावकर नारळ घेऊन उठले. गाऱ्हाण्याशिवाय आमच्याकडे काहीच सुरू होत नाही. ते गावातर्फे देवाकडे मागणं मागतात आणि प्रत्येक वाक्याला सगळे होकार देतात.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"जे कोण आमची जमीन मोजूक इलेत, तेंका इल्या वाटेन परत जावची बुद्धी दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

या वेळी होकार दोन्ही बाजूंनी आला. पोलिसांच्या रांगेतला खणखणीत आवाज माझ्या मुलाचा होता. लहानपणापासून देवळात दिलेला होकार, तोंडातून आपसूक निघून गेला. बायका हसल्या आणि लगेच गप्प झाल्या, कारण साहेबांनी मागे वळून पाहिलं होतं.

आपल्याच रांगेतून होकार आल्यावर साहेबांनी माणसं मागे घेतली; मोजणी त्या दिवशी टळली. दुसऱ्या दिवशी मासेवालीने दारात येऊन हाक मारली आणि चार बांगडे जास्तच घातले. गावाने मुलाला डोक्यावर घेतलं. तो मात्र मान खाली घालून जेवला. माझी छाती फुगली होती. आठवड्याभरात त्याची घाटावर बदली झाली.

कसालच्या स्टँडवर त्याच्या बसची वाट बघताना मी विचारलं, "वायट वाटता रे?"

"नाय बाबा. थंय पण जमनीचोच बंदोबस्त आसा."

"मगे?"

"थंयचां गाऱ्हाणां माका येणा नाय," तो म्हणाला आणि बॅग उचलली.

आयर्लंडच्या शिपायांच्या त्या प्रश्नाला वर्गात हे उत्तर कुणी दिलं असतं, तर मी पैकीच्या पैकी गुण दिले असते. बस हलली आणि मला हुंदका आवरला नाही.