आबांच्या नाकाला लावलेला चुना

आबांच्या नाकाशेजारच्या चामखिळीला चुना मीच लावला होता. आबा म्हणजे माझे चुलते, शेवगावकडे शेती. घरात कुणाचं काही दुखलंखुपलं की सल्ला द्यायचा मान माझा, शिक्षण बी.कॉम. असलं तरी. त्यांच्याच तंबाखूच्या डबीतला चुना मी काडीने रोज टेकवत गेलो. खपली धरली तेव्हा घरभर मिरवलो. पण खपली पडेना, रक्त यायला लागलं. शेवटी तुकडा तपासला, तर त्वचेचा कॅन्सर.

म्हणून पुण्याच्या दवाखान्यात सकाळपासून बसलेलो. आत जाताना आबांनी टोपी आणि चुन्याची डबी माझ्याकडे दिली.

डॉक्टरबाईंनी आधीच सांगितलं होतं, "पूर्वी अंदाजाने मोठा तुकडा काढायचो, रिपोर्ट नंतर यायचा. आता एकेक पातळ थर काढून लगेच कडा तपासते. रोग उरला असेल तेवढ्याच बाजूचं पुन्हा काढायचं. नाकपुडी वाचवायला बघू. पण चुन्याने भाजलंय, त्यामुळे रोग कुठवर गेलाय ते वरून कळत नाही."

चुना कुणी लावला हे त्यांनी विचारलं नाही. आबांनी सांगितलं नाही.

पहिला थर काढून आबा नाकावर बोळा घेऊन बाकावर आले. तासाभराने निरोप आला, एका बाजूला अजून आहे. पुन्हा आत. पुन्हा बाकावर.

"आबा, दुखतंय का?"

"नाक हाय तवर इचारून घे."

मला हसता आलं नाही. चहा तीनदा झाला.

"कापत्यात मला, अन् तोंड तुजं उतरलंय व्हय?"

तिसऱ्या थरानंतर बाई स्वतः बाहेर आल्या. "कडा साफ आहेत. नाकपुडी वाचली. गालाची कातडी सरकवून खड्डा झाकू."

आनंद व्हायला हवा होता. माझा हात मात्र खिशातल्या डबीवर गेला.

टाके घातल्यावर बाईंनी पथ्यं सांगितली. दर महिन्याला चेहरा, कान, मान नीट बघायची. नवं काही दिसलं तर मोबाईलवर फोटो पाठवायचा. उन्हात टोपी.

"जलम टोपीत गेला की माजा!"

"हिची सावली नाकावर कुठे पडते? काठाची हॅट घाला. आणि दर महिन्याला बघणार कोण?"

आबांनी माझ्याकडे बोट केलं. "ह्योच. लई जवळनं बघतो. फकस्त आदी त्याच्याकडची डबी काढून घ्या."

मी खिशातून डबी काढली आणि बाईंच्या टेबलावर ठेवली.